पत्राला हात नसतात

मैत्रिणींनो, घरपट्टीची पावती तुमच्या घरात कुठे ठेवलेली असते? आमच्याकडे ती विजेच्या बिलांच्या गठ्ठ्यात, देवघराच्या खालच्या फळीवर असते. पैसे भरून झाले, पावती ठेवली, विषय संपला. वर्षभर तिच्याकडे कुणी बघत नाही. पण एकदा जरा चष्मा लावून वाचा. घरपट्टी, दिवाबत्ती कर, आरोग्य म्हणजे सफाईचा कर, पाणीपट्टी. चार-पाच ओळी असतात. त्या प्रत्येक ओळीतला रुपया तुमच्या घरातून गेलेला असतो, कुणाच्या मनीऑर्डरीतून, कुणाच्या काजूच्या पैशातून, कुणाच्या मासळीच्या टोपलीतून. तो पुढे जातो कुठे, हा प्रश्न आपण बायका क्वचितच विचारतो. किराण्याच्या बिलात दोन रुपये जास्त लागले तर मात्र आपण दुकानदाराला परत उभं करतो!

हे सगळं मनात यायला कारण झालं ते फार लांबचं. माझी एक मावसबहीण लग्नानंतर अमेरिकेत लॉस एंजेलिसला स्थायिक झाली, आता तिकडची मतदार आहे. २०२० साली अध्यक्षपदाची निवडणूक झाली तेव्हा ती फोनवर म्हणाली, "अगं, अध्यक्ष कोण ते ठरवायला मला दोन मिनिटं लागली. पण मतपत्रिकेच्या मागच्या प्रश्नांनी डोकं उठवलं." मी म्हटलं, प्रश्न कसले? तर तिकडे उमेदवारांच्या नावांबरोबर मतपत्रिकेवर प्रश्नही छापलेले असतात. हा कर वाढवायचा का, त्या कामासाठी कर्ज काढायचं का, जमलेला पैसा अमुक गोष्टीवर खर्च करायचा का. मतदाराने हो किंवा नाही म्हणायचं.

त्या वर्षी तिच्या काउंटीत, म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखा जो भाग असतो त्यात, असाच एक प्रश्न होता. 'मेजर जे' त्याचं नाव. लॉस एंजेलिस काउंटीची वस्ती एक कोटीच्या आसपास. तिथल्या स्थानिक करांतून जो पैसा जमतो आणि ज्यावर वरून कुठलं बंधन नसतं, त्यातला किमान १० टक्के तरुणांच्या कामांसाठी, रोजगारासाठी, घरांसाठी, मानसिक उपचारांसाठी, माणसं तुरुंगात जाऊच नयेत यासाठीच्या सोयींवर खर्च करायचा. तुरुंग आणि पोलिसांवर तो वाटा वापरायचा नाही. शेकडा ५७ च्या आसपास मतदारांनी 'हो' म्हटलं. मग प्रकरण कोर्टात गेलं. २०२१ मध्ये खालच्या न्यायालयाने ते घटनाबाह्य ठरवलं, २०२३ मध्ये वरच्या न्यायालयाने तो निकाल फिरवला. लोकांनी ठरवलं तरी काम एका रात्रीत होत नाही, हे तिकडेही आहेच. आणि एक गंमत सांगते. त्याच २०२० च्या निवडणुकीनंतर त्या काउंटीच्या कारभारी मंडळावर पाचही जणी बायका आल्या. एकही पुरुष नाही!

बहीण सांगत होती आणि मी मनात म्हणत होते, १० टक्के... हा आकडा कुठेतरी ऐकलाय. मग आठवलं. आपल्याच ग्रामपंचायतीत! ग्रामपंचायतीच्या स्वतःच्या उत्पन्नातले १० टक्के महिला आणि बालकल्याणासाठी राखून ठेवायचे, १५ टक्के मागासवर्गीयांसाठी, ५ टक्के दिव्यांगांसाठी, असा आपल्याकडे नियम आहे. तिकडे त्यासाठी मतदान झालं, कोर्टकचेरी झाली. आपल्याकडे तो वाटा कधीचा कागदावर बसलेला आहे. फक्त आपल्याला कुणी सांगितलं नाही आणि आपण विचारलं नाही. समजा एखाद्या ग्रामपंचायतीचं घरपट्टी, पाणीपट्टी, गाळेभाडं मिळून वर्षाचं उत्पन्न चार लाख असेल, तर त्यातले चाळीस हजार आपले. चाळीस हजारांत बंगला होत नाही. पण अंगणवाडीचं गळकं छप्पर होतं, मुलींसाठी आरोग्य तपासणी होते, शिवणाचं किंवा फळप्रक्रियेचं प्रशिक्षण होतं. नाहीतर चाळीस हजारांच्या खुर्च्या आणि सतरंज्या येतात, हळदीकुंकवाला वापरल्या जातात आणि बाकीचे अकरा महिने कपाटात राहतात. कायद्याने दोन्ही 'महिलांसाठी'च.

आता तुम्ही म्हणाल, आपल्याकडे कुठे आहे असं मतदान? खरं आहे. कर किती घ्यायचा आणि खर्च कशावर करायचा यावर मतपेटीतून कौल घ्यायची पद्धत आपल्या देशात नाही. आणि ती असती तर सगळंच छान झालं असतं असंही नाही. त्याच कॅलिफोर्नियात १९७८ साली लोकांनी मतदान करून घरपट्टी मालमत्तेच्या किमतीच्या १ टक्क्यावर बांधून टाकली, आणि घर विकलं जाईपर्यंत ती किंमत वर्षाला २ टक्क्यांहून जास्त वाढवायची नाही असं ठरवलं. जुन्या घरमालकांना बरं वाटलं. पण त्यामुळे शेजारीशेजारी एकसारखी दोन घरं आणि नव्याने घर घेणाऱ्याला जुन्याच्या कितीतरी पट कर, असा प्रकार झाला. शाळांचा पैसा आटला तो वेगळाच. कर कमी करायचा का असं विचारलं की माणूस 'हो'च म्हणणार. खर्च कशावर करायचा हे विचारलं तरच त्याला बसून हिशेब करावा लागतो.

आणि हे दुसरं विचारणं आपल्याकडे आहे. त्याचं नाव ग्रामसभा.

ग्रामसभा म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे काय येतं? शाळेच्या व्हरांड्यातल्या खुर्च्या, पुढच्या रांगेत पुढारी, कुणीतरी मोठ्याने भांडतंय, आणि दाराशी हजेरीच्या वहीवर अंगठा नाहीतर सही. बाईमाणसांनी सही करून परत चुलीकडे. कित्येकींनी तर वही घरी आली तेव्हा सही केलेली असते. पण १९९३ मध्ये ७३ वी घटनादुरुस्ती लागू झाली तेव्हापासून ग्रामसभेला घटनेत जागा आहे. आपल्या महाराष्ट्रात वर्षाला किमान चार ग्रामसभा घ्यायच्या असतात. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर, या तारखा तुम्हाला माहीत आहेतच. आणि प्रत्येक नियमित ग्रामसभेच्या आधी महिलांची वेगळी ग्रामसभा घ्यायची असते. तिचे ठराव मोठ्या ग्रामसभेपुढे ठेवायचे असतात. हे बंधन आहे, मेहेरबानी नाही.

गणपूर्तीचा नियमही समजून घ्या, त्यात खरी मेख आहे. गावच्या एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० जण, यांतला जो आकडा कमी असेल तेवढी माणसं हजर हवीत. नसतील तर सभा तहकूब. मात्र तहकूब झालेली सभा पुन्हा भरते तेव्हा गणपूर्ती लागत नाही! म्हणजे पहिल्या दिवशी आपण गेलो नाही, की दुसऱ्या वेळी वीस-पंचवीस जण बसून सगळ्या गावाचं ठरवू शकतात. आणि तेही अगदी नियमाने. मग नंतर पाणवठ्यावर बोलून काय उपयोग?

माझं सासर नांदगाव. कणकवली तालुक्यातलं, मुंबई-गोवा महामार्गावरचं. तिठ्यावरून देवगडचा रस्ता फुटतो, कोकण रेल्वेचं नांदगाव रोड स्टेशन आहे, त्यामुळे येणंजाणं सतत. माझं माहेर त्या देवगडच्या रस्त्याने खाली उतरलं की, समुद्राच्या बाजूला. गावाचं नाव सांगत नाही, कारण तिथे मला अजून माहेरपणाला जायचं आहे! २०२३ सालच्या गांधी जयंतीच्या ग्रामसभेला मी योगायोगाने तिकडे होते. आईच्या गुडघ्याचं दुखणं होतं, म्हणून आठ दिवस गेले होते.

त्या गावाला दोन वाड्या. वरची वाडी आणि खालची वाडी. वरच्या वाडीत बरीच घरं बंद, मंडळी मुंबईत. गणपतीला आणि शिमग्याला कुलपं निघतात, मे महिन्यात आंबे उतरवायला कुणी येतं. खालच्या वाडीत माणसं बारा महिने राहतात आणि तिथल्या बायका सार्वजनिक विहिरीवर पाणी भरतात. विहीर जांभ्या दगडाची, जुनी, कठडा एका बाजूने खचलेला. पावसात शेवाळ. बाजूलाच धुणं चालतं, ते पाणी पुन्हा विहिरीकडेच झिरपतं. त्या वर्षी आषाढात एक पोरसवदा सून कळशी भरताना घसरली, दोर हाताला गुंडाळलेला म्हणून वाचली. मनगट मात्र मोडलं. दोन महिने तिचं पाणी सासू भरत होती, साठीची बाई.

आदल्या दिवशी महिला ग्रामसभा होती. मी आईबरोबर गेले. सुरुवातीला नेहमीचंच. "आमका काय कळता त्यातला? पुरुष माणसां बघतत." पण विहिरीचा विषय निघाला आणि सगळ्या एकदम बोलायला लागल्या. एक काकी उठून म्हणाल्या, "पाणी काढणारे आमी, आणि इचारतत कोणाक?" सगळ्यांत ठणकावून बोलली ती आमच्या शेजारची सून, बारावी झालेली. तिने मागणी नीट मांडली. कठडा नवा, रहाट, बाजूला धुण्याचा ओटा आणि सांडपाण्याला शोषखड्डा. महिला आणि बालकल्याणाच्या १० टक्क्यांतून करा, असं तिचं म्हणणं.

ग्रामसेवक भला माणूस होता. (आता या पदाला ग्रामपंचायत अधिकारी म्हणतात.) तो म्हणाला, ताई, त्या १० टक्क्यांतून विहीर बसणार नाही, आणि बसवली तरी एवढी रक्कम नाही. पण वित्त आयोगाच्या पैशातून बसते. मग त्याने जे समजावून सांगितलं, ते मी इथे मुद्दाम देते, कारण हे आपल्याला कुणी सांगत नाही. केंद्राच्या पंधराव्या वित्त आयोगाचा पैसा ग्रामपंचायतीला येत होता. २०२१ ते २०२६ या पाच वर्षांसाठी त्याचे दोन भाग केलेले होते. ६० टक्के बंधित, ४० टक्के अबंधित. बंधित म्हणजे बांधलेला. त्यातला निम्मा पिण्याच्या पाण्यावर आणि निम्मा स्वच्छतेवर, सांडपाणी-घनकचऱ्यावरच खर्च करायचा. अबंधित पैसा गावाच्या गरजेप्रमाणे, पगार आणि कार्यालयीन खर्च सोडून. म्हणजे कठडा आणि रहाट पाण्याच्या खात्यातून, धुण्याचा ओटा आणि शोषखड्डा स्वच्छतेच्या खात्यातून. सुनेने हे सगळं वहीत लिहून घेतलं.

मला त्या क्षणी एक गोष्ट लख्ख कळली. वर्षानुवर्षं त्या गावात भांडण चाललं होतं ते 'देवळाचा रस्ता की विहीर' असं. बायका विहीर म्हणायच्या, पुरुष म्हणायचे देवळाच्या रस्त्याला पेव्हर ब्लॉक बसवूया, जत्रेला माणसं येतात. आणि देवाच्या पुढे विहीर कशी म्हणायची, म्हणून बायका गप्प. पण बंधित पैसा रस्त्याला वापरताच येत नव्हता! रस्ता आणि विहीर यांचं भांडणच नव्हतं. पैशाचे डबे वेगळे होते. आपल्या कपाटात नाही का, दुधाचे पैसे वेगळ्या डब्यात, फीचे वेगळ्या? कुठल्या डब्यात काय आहे हे माहीत नसेल तर घरातही भांडणं होतात.

दुसऱ्या दिवशी मोठी ग्रामसभा. भातकापणीचे दिवस, तरी बायका आल्या. साड्यांना कापणीच्या चिखलाचे डाग तसेच. वहीत सह्या मोजल्या तर गणपूर्ती झालेली, आणि ती बायकांमुळेच. माझं नाव नांदगावच्या मतदार यादीत, त्यामुळे मला हात वर करायचा हक्क नव्हता. मी मागच्या भिंतीला टेकून बसले.

पण खरी अडचण वेगळीच निघाली. पाण्याच्या त्याच बंधित पैशातून दुसरं एक काम मागितलेलं होतं. वरच्या वाडीपर्यंत नळाची लाइन वाढवायची. मुंबईच्या मंडळाचं पत्र आलं होतं. अध्यक्ष-चिटणिसांच्या सह्या, शिक्का, सगळं रीतसर. गणपतीला येतो तेव्हा पाण्याचे हाल होतात, देवळाच्या जीर्णोद्धाराला मंडळाने एवढी मदत केली, आमचा विचार व्हावा, असा मजकूर. पत्र खोटं नव्हतं. या मंडळींनी खरंच गावासाठी पुष्कळ केलं आहे. शाळेचा वर्ग बांधून दिलाय, आजाऱ्याला मुंबईत नेलंय. कोकणात मुंबईकरांना 'नाही' म्हणणं सोपं नसतं. प्रत्येक घरातलं कुणी ना कुणी त्या मंडळात असतं. पत्र वाचून झाल्यावर सभा गार पडली. कुणीतरी म्हणालं, चला, मग नळाचं काम पहिलं घेऊ, विहीर पुढल्या वर्षी.

तेव्हा ती साठीची सासू उठली. जी दोन महिने सुनेच्या वाटचं पाणी भरत होती, तीच. म्हणाली, "पत्र वाचलात, बरा झाला. पण भावानू, पत्राक हात नसतत. हयसर बसलेत तेंचे हात मोजा."

हशा पिकला, पण मुद्दा बिनतोड होता. ग्रामसभेत मत असतं ते यादीत नाव असलेल्या आणि तिथे हजर असलेल्या माणसाला. सरपंचांनी दोन्ही कामं मतांना टाकली. पहिलं कुठलं घ्यायचं, एवढंच. हात वर करायचे.

आणि इथे मी जे पाहिलं ते विसरत नाही. आदल्या दिवशी वही घेऊन ठणकावून बोलणारी ती बारावी झालेली सून समोरच बसली होती. तिच्या उजव्या बाजूला, पुरुषांच्या रांगेत, तिचा सासरा. त्यांचा थोरला मुलगा, म्हणजे तिचा दीर, मंडळाचा चिटणीस. विहिरीसाठी हात वर झाले तेव्हा तिचा हात मांडीवरच राहिला. नळासाठीही तिने तो वर केला नाही. हात दोनदा मोजले, कारण फरक थोडा होता. विहीर पुढे गेली. बायका उठून बोलायला लागल्या, आणि ती वही पदराखाली घेऊन सगळ्यांच्या आधी निघून गेली. संध्याकाळी विहिरीवर भेटली तेव्हा मी काही विचारलं नाही. तीच म्हणाली, "सासरो समोर बसललो, हात वर करू कसो?"

तिला भित्री म्हणायला माझी जीभ रेटत नाही. तिने मांडणी केली नसती तर ठराव कागदावर आलाच नसता. पण हात वर करून मत द्यायचं म्हणजे सगळ्या गावापुढे, घरच्यांपुढे द्यायचं. पुरुषाला त्याची किंमत वेगळी पडते, सुनेला वेगळी. रात्री त्याच घरात भाकऱ्या भाजायच्या असतात तिला.

हे फक्त आपल्याच गावात आहे असंही नाही बरं का. स्वित्झर्लंडमध्ये आपेनत्सेल नावाचा डोंगराळ प्रांत आहे. तिथे दर वर्षी एप्रिलच्या शेवटच्या रविवारी सगळे मतदार चौकात उघड्यावर जमतात आणि हात वर करून प्रांताचा कारभार ठरवतात. आपल्या ग्रामसभेची मोठी बहीणच म्हणा. पुरुष कमरेला तलवार लावून यायचे, तीच मतदार असल्याची खूण. पण त्या चौकात बायकांना जागा नव्हती. देशाच्या निवडणुकीत १९७१ पासून स्विस बायकांना मत होतं, तरी या प्रांताच्या पुरुषांनी १९९० च्या एप्रिलातसुद्धा हात वर करून बायकांना नकार दिला. शेवटी त्याच वर्षी तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने हुकूम दिला आणि १९९१ पासून बायका चौकात उभ्या राहिल्या. त्या हिशेबाने आपण पुष्कळ पुढे होतो की! आपल्याला मताचा हक्क मागण्यासाठी कोर्टात जावं लागलं नाही. महाराष्ट्रात पंचायतीत बायकांना ३० टक्के जागा १९९० मध्येच आल्या, पुढे ३३ झाल्या, २०११ पासून ५० टक्के आहेत.

गुप्त मतदानाचा अनुभवही आपल्या बायकांना आहे. 'उभी बाटली, आडवी बाटली' आठवतं? गावातलं परवाना असलेलं दारूचं दुकान बंद करायचं असेल तर २५ टक्के महिला मतदारांनी लेखी मागणी करायची, मग मतपत्रिकेवर मतदान. उभी बाटली म्हणजे दुकान राहू दे, आडवी म्हणजे बंद. एकूण महिला मतदारांपैकी निम्म्याहून अधिक मतं आडवीला पडली पाहिजेत, म्हणजे ज्या आल्याच नाहीत त्यांची गैरहजेरीही दुकानाच्याच बाजूने. इतकी कडक अट असूनही कित्येक गावांत बायकांनी ती बाटली आडवी केली. का जमलं? माझ्या मते एक कारण असं, की शिक्का मारताना कुणाचा नवरा, कुणाचा सासरा शेजारी नव्हता. ज्या सुनेचा हात ग्रामसभेत वर झाला नाही, तिचा शिक्का पडद्याआड नक्की पडला असता. विहिरीसाठी मतपेटी ठेवा, असं मी म्हणत नाही. पण महिला ग्रामसभा वेगळी का असते, ते त्या दिवशी मला नीट उमगलं. ती नीट झाली, तिचा ठराव इतिवृत्तात नीट लिहिला गेला, तर दुसऱ्या दिवशी एखादीचा हात वर झाला नाही तरी तिचं म्हणणं कागदावर असतं.

केरळमध्ये १९९६ साली लोकयोजनेची मोहीम सुरू झाली, तेव्हा गावांच्या योजनेतले १० टक्के बायकांच्या कामांसाठी बाजूला काढायला लावले. ब्राझीलमधल्या पोर्तो अलेग्रे शहरात १९८९ पासून मोहल्ल्यामोहल्ल्यांत सभा घेऊन शहराच्या पैशाचा काही भाग कुठे घालायचा ते लोक ठरवू लागले. आपल्या पुणे महापालिकेनेही २००६ पासून अंदाजपत्रकासाठी नागरिकांच्या सूचना मागवायला सुरुवात केली. शहरं हे आता शिकतायत. खेड्यात ते कायद्यातच आहे.

आता थोडं व्यवहाराचं. ग्रामपंचायतीच्या दप्तरात 'नमुने' असतात, एक ते तेहतीस. सगळे पाठ करायची गरज नाही. नमुना १ म्हणजे अंदाजपत्रक. पुढच्या वर्षी किती येणार आणि कशावर जाणार. ते साधारण जानेवारीत तयार होतं, म्हणून २६ जानेवारीच्या आधीची महिला सभा चुकवू नका. नमुना ५ रोकडवही. आणि नमुना ८ म्हणजे घरांची आकारणी, म्हणजे तुमच्या घराचा कर ज्यावर बसतो तो. २०१५ च्या अखेरीस नियम बदलले आणि ही आकारणी घराच्या भांडवली मूल्यावर आली. चिऱ्याचं घर, मातीचं घर, स्लॅबचं घर, प्रत्येकाचा हिशेब वेगळा. तुमच्या घराचा प्रकार चुकीचा लिहिलेला नाही ना, एवढं तरी बघा.

नमुना ८ वर आणखी एक गोष्ट बघायची. नाव कुणाचं आहे? २००३ मध्ये शासनाने घर पती-पत्नी दोघांच्या नावे लावण्याचा निर्णय घेतला. 'घर दोघांचे' म्हणून तेव्हा गाजला होता. आमच्या बचत गटात मी विचारलं, कुणाकुणाचं नाव लागलंय, तर निम्म्या जणींना आपलं नाव आहे की नाही हेच माहीत नव्हतं. आणि कराशी याचा संबंध काय म्हणाल, तर आहे. कराचं बिल आल्यावर मुदतीत भरलं नाही तर पंचायतीची निवडणूक लढवायला माणूस अपात्र ठरतो, आणि एकत्र कुटुंबातल्या एकाने थकवलं तरी बाकीच्यांवर येतं. राखीव जागेवर उभी राहणारी बाई घरच्या पुरुषाने थकवलेल्या घरपट्टीपायी बाद होऊ शकते. तेव्हा पावती कुठल्या फळीवर आहे, एवढं आपल्याला माहीत असू द्या.

मोबाईल तर आता प्रत्येकीकडे आहे. 'ई-ग्रामस्वराज' म्हणून केंद्र सरकारचं संकेतस्थळ २०२० मध्ये सुरू झालं. राज्य, जिल्हा, तालुका, ग्रामपंचायत निवडलं की गावाचा आराखडा आणि खर्च दिसतो. शाळेतल्या पोरीला सांगा, ती पाच मिनिटांत काढून देईल. २०२६ पासूनची पाच वर्षं सोळाव्या वित्त आयोगाची. आयोग बदलला की डब्यांची वाटणीही बदलू शकते, म्हणून बंधित किती आणि अबंधित किती, हे दर वर्षी नव्याने विचारायचं.

माहेरच्या विहिरीचं काय झालं म्हणाल, तर पुढच्या मे महिन्यात कठडा बांधून झाला, रहाटही बसला. धुण्याचा ओटा मात्र मागे पडला. आधी ठेकेदार मिळाला नाही, मग पाऊस आला. दगड आणून टाकलेत, ते तसेच आहेत. वरच्या वाडीची नळाची लाइन दुसऱ्या वर्षीच्या आराखड्यात धरली गेली, आणि मुंबईच्या मंडळाचा राग गणपतीच्या आरतीपर्यंत टिकला नाही.

इकडे नांदगावात आमच्या बचत गटाने ठरवलंय की पुढच्या महिला सभेला सगळ्यांनी जायचं. परवा बैठकीत एकीने विचारलं, "जावया खरा, पण सभा सकाळी लावली तर? पोरांचे डबे, गुरां, भात... कोण करतला?" मग दुपारी तीनची वेळ ठेवावी असा साधा अर्ज लिहिला. एकोणीस जणींनी सह्या केल्या आहेत. दोघी अजून घरी विचारून सांगतो म्हणाल्या.